खिडकीतले सुटे भाग

रविवारी सकाळी शेडच्या खिडकीत बटणांचा डबा येऊन बसला होता.

दातवालीने कुलूप काढलं, दिवा लावला आणि आधी खिडकीकडेच पाहिलं. परवा जेवताना तिने मुद्दामच खडा टाकला होता. "गाडीला रोटरच नाही," ती भाताचा घास घेता घेता म्हणाली होती. "पडलेला नाही, कुणीतरी काढलाय. वरचं झाकण पुन्हा नीट चापून बसवलंय." त्यावर ताटांवर माना खाली गेल्या होत्या आणि आत्याने मीठ मागितलं होतं. मीठ आत्याच्या पुढ्यातच होतं.

या घराण्यात "माझं चुकलं" हे वाक्य आजवर कुणाच्या तोंडून बाहेर पडल्याचं ऐकिवात नव्हतं. चूक झाली की ती खिडकीत यायची. हरवलेली कात्री, न विचारता नेलेली छत्री, फोडलेल्या कपाच्या बदल्यात आणलेला नवा कप. एके दिवशी वस्तू खिडकीत दिसायची, ज्याची त्याने ती मुकाट्याने उचलायची आणि कुणी ठेवली हे विचारायचं नाही. आजोबांनी घातलेली ही पद्धत त्यांच्या माघारी सगळ्यांनी इमानेइतबारे पाळली होती. फक्त दातवालीला विचारायची खोड होती. लहानपणी त्यापायी तिने धपाटे खाल्ले होते, आणि मोठेपणी लोकांच्या तोंडात डोकावायचा धंदाच पत्करला होता. 'दातवाली' हे नाव काकाने ठेवलेलं.

तिने डबा उघडला. शिंपल्याची, हाडाची, पितळेची बटणं, आणि त्यांच्या मधोमध अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा, डोक्यावर पितळेची पट्टी. रोटर. हा झाकणाखाली गरागरा फिरतो आणि चारही प्लगना पाळीपाळीने वीज वाटतो. हा नसला तर बाकीची गाडी सोन्याची असली तरी हलायची नाही.

डबा कुणाचा हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. घरात बटणं साठवणारी व्यक्ती एकच होती. पण आत्याने? जिने आयुष्यात कपडे शिवण्याच्या यंत्राखेरीज कुठल्या यंत्राला हात लावला नाही, तिने?

तिने रोटर जागेवर बसवला. शेजारी गाडी आपली गप्प उभी होती: दोन माणसांची, उघड्या टपाची, बसकी, लांब नाकाची. ताडपत्री काढली तेव्हा ती लाल आहे हे ओळखायला ओलं फडकं फिरवावं लागलं होतं. आता रंग नवा होता, टायर नवे होते, ब्रेक मिस्त्रीकडून करून घेतले होते, पेट्रोलची टाकी दातवालीने स्वतः तीनदा धुतली होती. दवाखाना बंद केला की संध्याकाळी ती इथे यायची. दाताच्या मुळात शिरणाऱ्या बारीक सुया कार्ब्युरेटरच्या भोकांतही तितक्याच छान शिरतात, हा शोध तिला फार आवडला होता.

आणि आज शेवटचा दिवस होता. शेड विकली गेली होती, उद्या किल्ल्या द्यायच्या होत्या. बाबांनी सगळ्यांसमक्ष सांगून टाकलं होतं, "संध्याकाळपर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनावर बाहेर पडली तर ठेवू. नाहीतर भंगारवाला येतोय. ढकलून नेलेलं मढं मला अंगणात नको." आणि काका, ज्याची ती गाडी, तो यावर एक शब्द बोलला नव्हता. तो शेडमध्ये पाऊल टाकत नसे. त्या सकाळपासून कधीच नाही.

ती सकाळ घरात सगळ्यांना पाठ होती, दातवालीच्या जन्माआधीची असूनही. घाटातली मोठी शर्यत होती. एका रेसिंग कंपनीचे लोक खास काकाला बघायला येणार होते. पहिल्या तिघांत आला तर ते त्याला बरोबर नेणार, देशोदेशी फिरवणार, असं ठरलेलं. पहाटे काकाने किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं, पण पेटलं नाही. त्याने बॉनेट उघडलं, आत पाहिलं, बॉनेट मिटलं आणि घरात येऊन म्हणाला, "गाडी मेली." पुढे तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लागला. शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली दुसरा ब्रेक घेऊन, त्याने अर्ध्या गावाला गाडी शिकवली. दातवालीलाही त्यानेच शिकवली होती. आधी आरसा, मग सिग्नल, मग चाक.

तिला या गोष्टीतलं एकच टोक सारखं टोचायचं. जो माणूस रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून तिचा कुठला प्लग गेलाय हे सांगायचा, त्याने आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या सकाळी बॉनेट उघडलं आणि लगेच मिटलं? शोधलंच नाही?

"चहा आणलाय," दारातून आत्या म्हणाली. एका हातात थर्मास, दुसऱ्या काखेत नव्या सीटची खोळ. "आणि ही बसवून घे. शिवण दुहेरी घातलीय. गाडी चालली नाही तरी सीट उसवायची नाही."

"चालेल ना. रोटर मिळाला."

"हो का? बरं झालं." आत्या खोळ झटकायला लागली. खोळीवर झटकण्यासारखं काही नव्हतं. "मग आता लगेच सुरू होईल?"

"नाही. कार्ब्युरेटरमधला जेट पण गायब आहे. एवढासा पितळी असतो बघ, भोक पाडलेला. पेट्रोल मोजून सोडतो. तोही कुणीतरी काढलाय."

आत्या झटकायची थांबली. "तोही? असं कसं? मी तर फक्त…" तिने थर्मास उघडला. मग चहा ओतू लागली आणि कप भरून बशीत आला तरी ओततच राहिली.

"तू फक्त काय, आत्या?"

"मी फक्त म्हणतेय, एकाच माणसाने सगळं कशाला काढलं असेल? एक काढलं की पुरतं ना?"

"चोराच्या मनात चांदणं," दातवाली हसून म्हणाली.

"मोठी झालीस म्हणून काहीही बोलू नकोस. खिडकीतलं विचारायचं नसतं." पण आत्या खुर्चीवर टेकली, आणि तिचा चेहरा अपराध्यापेक्षा बुचकळ्यात पडलेल्या माणसाचा जास्त होता. दर वाढदिवसाला काकासाठी नवा शर्ट शिवणारी ही बाई. स्वतःच्या नवऱ्याला ती तयार शर्ट विकत आणायची, पण काकाचा शर्ट स्वतः बेतायची, कॉलरला दोनदा इस्त्री करायची. शेंडेफळ म्हणून लाड, असं दातवाली इतके दिवस समजत आली होती.

"दादाने काढला असेल," आत्या एकाएकी म्हणाली. "जेट. बारीकसारीक वस्तू त्याच्याच हातात शोभतात."

दुपारी बाबा आले ते घड्याळ बघतच. औषधांचं दुकान त्यांनी मुलाकडे दिलं होतं, पण अंगावर पांढरा कोट अजून असायचा. खिशात पेन, पेनाशेजारी चष्मा. "भंगारवाल्याला चारला बोलावलंय," ते म्हणाले. "तो वेळेचा पक्का आहे. तुझं कुठवर आलंय?"

"जेट नाही, बाबा. नवा करून घ्यायचा तर आठवडा लागेल. म्हणजे गाडी गेलीच म्हणायची."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "असं कसं गेली? काहीतरी करता येईल. तार-बीर गुंडाळून?"

"तार गुंडाळून पेट्रोल मोजता येत नाही. तुम्ही औषध मोजताना चिमटीने मोजता का?"

"अगं पण, एवढी मेहनत घेतलीस. आत्याने खोळ शिवली."

"दादा," आत्या म्हणाली, "तूच भंगारवाल्याला बोलावलंस, आणि तूच आता गाडी जाईल म्हणून तळमळतोयस. नक्की काय हवंय तुला?"

"मला हात धुवायचेत," बाबा म्हणाले आणि बाहेर गेले.

हात धुवायला त्यांना बराच वेळ लागला. परत आले तेव्हा हात कोरडे होते. दातवालीने खिडकीकडे पाहिलं. तिथे कागदाची एक पुडी होती. पांढरा कागद, तिरकी घडी, वरचं टोक आतल्या खाचेत खुपसलेलं. तापाची पूड, खोकल्याची पूड, जंताची पूड, सगळं लहानपणी याच घडीतून तिच्या घशाखाली उतरलं होतं. ही घडी दुकानातल्या मदतनिसांनाही कधी जमली नव्हती. पुडी सोडायची गरज नव्हती, तरी तिने सोडली. आत जेट होता, आणि एवढ्या काळात त्यावर डागसुद्धा पडला नव्हता.

आत्या पुडीकडे बघत होती, बाबा बटणांच्या डब्याकडे बघत होते.

"तू?" बाबा म्हणाले.

"तू?" आत्या म्हणाली.

दातवालीने सुई घेऊन जेटचं भोक साफ करायला घेतलं आणि मान खाली घातली. आता बोललं तर दोघं गप्प होतील हे तिला ठाऊक होतं.

"मी आधी काढला," आत्या म्हणाली. "दिवे लागायच्या वेळी. तू कधी?"

"जेवणं झाल्यावर. म्हणजे गाडी तुझ्यामुळे आधीच बंद पडलेली होती." बाबा स्टुलावर बसले. "मग मी एवढी वर्षं उगाच…"

"उगाच काय?"

"काही नाही. त्याला सर्दी झाली तरी मला वाटायचं, माझ्यामुळे. देश फिरला असता तो. त्याऐवजी इथे लोकांच्या क्लचचा वास घेत बसला."

"आणि मी शर्ट शिवत बसले!" आत्याचा आवाज चढला. "एकेक कॉलर, दादा. डोळे गेले माझे त्या कॉलरींपायी. तू एक शब्द बोलला असतास तर निम्मे तरी तू शिवले असतेस!"

"मला कुठे शिवता येतं?"

"तेच म्हणते मी!"

यात नेमकं काय तेच होतं ते आत्यालाही सांगता आलं नसतं, पण दातवालीला हसू आवरलं नाही. हसता हसता तिने विचारलंच, "पण का काढलंत? दोघांनीही?"

आत्याने हातातलं काही सांडल्यासारखे हात पुढे धरले आणि पुन्हा मांडीवर ठेवले. "आदल्या वर्षीच्या शर्यतीला मी गेले होते. वळणावर एक गाडी खाली गेली. त्या मुलाच्या आईच्या शेजारीच मी उभी होते. तिने आरडाओरडा केला नाही. नुसती माझी बाही धरली. ते पोलकं मी पुढे कधी घातलं नाही."

बाबा म्हणाले, "आमचे वडील नुकतेच गेले होते. मी थोरला. बाकी काही नाही."

"आणि तुम्हाला दोघांना कळलं कसं, काय काढायचं ते? बाबा, तुम्हाला बल्ब बदलता येत नाही."

"त्यानेच दाखवलं होतं," बाबा म्हणाले. "आठवडाभर आधी. हा एवढासा जेट काढला ना दादा, की संपलं, म्हणाला."

"मलाही," आत्या म्हणाली. "रोटर. हातात देऊन दाखवला. म्हणाला, ताई, हा घरी विसरला तर गाडी जागची हलणार नाही."

दातवालीची सुई थांबली. शर्यतीच्या तोंडावर एक माणूस घरभर फिरतो आणि आपली गाडी कशी बंद पाडायची ते एकेकाला समजावून सांगतो. उत्साहाच्या भरात म्हणावं, तर दोघांना दोन वेगवेगळ्या गोष्टी कशासाठी? तिला त्याचा अर्थ लागेना, पण तो नुसता फुशारकीचा प्रकार नव्हता एवढं तिला वाटलं.

"काय गोंधळ चाललाय? रस्त्यावर ऐकू येतंय," काकू दारात उभी राहून म्हणाली.

काकू म्हणजे गरीब गाय, असं घरात सगळे म्हणत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने आयुष्य काढलं. कानाला यंत्र, हातात तारा, याची तार त्याला जोड. लग्नाआधी ती याच शेडच्या समोरच्या घरात राहायची. लग्नानंतर तिने काकाकडे कधी काही मागितलं नाही. अमुक आणा नाही, कुठे घेऊन चला नाही, भांडण तर नाहीच. काका तासभर उशिरा आला तरी ती म्हणायची, "असू दे." दातवालीला हे लहानपणापासून फार विचित्र वाटायचं, कारण एक्स्चेंजमध्ये हीच काकू आवाज चढवणाऱ्या गिऱ्हाइकांना अशी काही झापायची की ते माफी मागून फोन ठेवायचे.

काकूने खिडकीकडे पाहिलं, डबा पाहिला, पुडी पाहिली. मग पर्समध्ये हात घातला आणि नीट वेटोळं करून बांधलेली एक जाड काळी तार बाहेर काढली.

"ही कॉइलची तार, ठिणगीची वीज नेणारी," ती म्हणाली. "मला खिडकीबिडकी नको. मी या घरात बाहेरून आलेय. हातात देते."

"काकू, मी तर नवी तार बसवली. मला वाटलं, जुनी उंदरांनी नेली."

"उंदरांनी नाही, मी नेली. पहाटे, तो उठायच्या आधी. त्यानेच एकदा सांगितलं होतं, ही तार काढली की इंजिनाशी बोलणं बंद. ते मला लगेच कळलं. माझं कामच होतं ते." तिने पर्सची चेन लावली. "तो जायला नको होता मला. मोठं काही कारण नाही. त्याची सगळी दुनिया मी पर्समध्ये घालून नेली आणि वर त्याच्याशी लग्न केलं. त्यापुढे आणखी काय मागायचं माणसाकडे?"

 मग आत्या उठली, काकूजवळ गेली आणि म्हणाली, "बस इथे. एका माळेचे मणी आहोत आपण सगळे. चहा घे."

"तिसरी," बाबा हताशपणे म्हणाले. "रोटर नाही, जेट नाही, तार नाही. ही गाडी सुरू होणार कशी होती!"

दातवालीने नवी तार काढून जुनी बसवली, काकूने तसं सांगितलं नव्हतं तरी. जेट आवळला, पेट्रोल चढवलं. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. भंगारवाला खरोखरच वेळेचा पक्का निघाला. तो दाराशी येऊन, बाह्या सावरत, गाडीच्या पुढच्या बंपरकडे जावयाने सासऱ्याच्या घड्याळाकडे बघावं तसा बघू लागला.

"एक मिनिट हं," दातवाली म्हणाली आणि किल्ली फिरवली.

इंजिन फिरलं. फिरत राहिलं. पेटलं नाही. तिने प्लग काढून धातूला टेकवला, आत्याला किल्ली फिरवायला लावली आणि वाकून पाहिलं. ठिणगी नाही. रोटर होता, तार होती, बॅटरी नवी होती. वीज वाटेतच कुठेतरी नाहीशी होत होती. तिने तारा तपासल्या, पुन्हा तपासल्या. कपाळावरचा घाम हाताने पुसला आणि कपाळ काळं झालं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला गाडी हवी होती, पण त्याहून जास्त काकाला त्या सीटवर बसलेला बघायचं होतं, आणि आता ते ट्रकवर चढून जाणार होतं.

"चारच्या वर झाले," भंगारवाला म्हणाला. तसा तो वाईट माणूस नव्हता.

"बॅटरी उतरेल तुझी. एवढा वेळ किल्ली धरायची नसते."

सगळे वळले. काका दारात उभा होता. आत्याने शिवलेला निळा शर्ट, हातात चपला. चपला हातात का, हे त्यालाही कळलं नसावं. त्याने तिघांकडे पाहिलं, तिघांनी जमिनीकडे पाहिलं.

"काका, सगळं बसवलंय," दातवाली म्हणाली. "रोटर, जेट, तार. ठिणगी येत नाही."

"रोटर आणि जेट? ते कुठे गेले होते?"

 खिडकीत डबा होता, उघडी पुडी होती. काकाने ती बघितली, मग आत्याकडे, मग बाबांकडे. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं. तो राग असेल असं समजून बाबा स्टुलावरून उठून उभे राहिले.

"काका, एक विचारू?" दातवालीला राहवेना. "रोटर झाकणाखाली असतो, जेट आत असतो. ते नाही दिसले, ठीक. पण कॉइलची तार? ती तर डोळ्यांसमोर असते. त्या दिवशी तुम्हाला दिसलं नाही ती नाही म्हणून?"

"दिसलं की."

काकूने मान वर केली.

काका चपला खाली ठेवून गाडीत बसला. इतकी वर्षं त्या सीटवर कोणी बसलं नव्हतं, पण त्याचे पाय आपसूक जागेवर गेले. त्याने आधी आरसा नीट केला. मग उजवा हात डॅशबोर्डखाली खोल घातला, कुठेतरी तारांच्या मागे, जिथे दातवालीने कधी बघितलंच नव्हतं. खट्. खट् खट्. जुनं बटण त्याने दोनतीनदा वरखाली केलं.

"चोरांसाठी बसवलं होतं मी," तो म्हणाला. "हे बंद असलं की कॉइलला वीज जात नाही. फिरव आता."

"तुम्हीच फिरवा."

त्याने किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं, मागून काळ्या धुराचा लोट निघाला, भंगारवाला दोन पावलं मागे सरला, आणि मग शेडचे पत्रे थरथरू लागले. आत्याने कानावर हात ठेवले आणि रडायलाच लागली. बाबा "झाली, झाली!" असं ओरडत होते ते नुसत्या ओठांवरून कळत होतं.

दातवाली मात्र त्या बटणाकडे बघत होती. ते आत्तापर्यंत बंद होतं. त्या सकाळपासून. आणि ते कुठे आहे हे एका माणसालाच ठाऊक होतं.

काकाने इंजिन शांत चालीवर आणलं. "तुम्हाला सगळ्यांना दाखवून ठेवलं होतं," तो म्हणाला, गाडीच्या चाकाकडे बघत. "एकेकाला वेगळं. वाटलं, कोणीतरी काढेल. पण भरवसा कसा धरायचा? म्हणून झोपायच्या आधी हे बंद केलं."

"का?" बाबांनी विचारलं.

"मला गाडी आवडायची, दादा. खोलायला, जोडायला, तिचा आवाज ऐकायला. वेग नाही आवडायचा. घाटात वळणं घेताना माझी पाचावर धारण बसायची. मी जिंकायचो ते लवकर संपावं म्हणून. पण सगळ्यांनी मला एवढं डोक्यावर घेतलं होतं, की नको म्हणायची सोय राहिली नव्हती. आणि मला कोणी विचारलंही नाही, तुला जायचंय का."

"इतके शर्ट," आत्या रडत रडत म्हणाली. "इतके शर्ट शिवले मी मेल्या तुझ्यासाठी!"

"मला वाटलं, तुला शिवायला आवडतं."

"आवडतं! पण तुझेच का?"

काकूला मात्र हसू आलं नाही. ती गाडीच्या दाराशी आली. "तार नाही हे दिसलं म्हणालात. म्हणजे कळलं होतं तुम्हाला?"

"बॉनेट मिटलं आणि वर बघितलं, तर तू समोरच्या खिडकीत. हात मागे लपवलेले, आणि कोपराला ही एवढी ग्रीस." काका हसला. "वाटलं, चला, आपण राहावं असं वाटणारं माणूस आहे. महिन्याने मागणी घातली."

"आणि मला सांगितलं नाहीत? मी जन्मभर तोंड शिवून बसले. समुद्र बघायचा होता मला. तोसुद्धा मागितला नाही!"

"सांगायचं म्हणजे आधी बटणाचं सांगावं लागलं असतं."

इंजिन सुरूच होतं. काकाने काकूकडे पाहिलं, मग चाकावरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

बाबांनी आत्याकडे पाहिलं आणि आत्याने बाबांकडे. काकूने दार उघडलं, दुहेरी शिवणीच्या त्या सीटवर बसली, आणि दार असं आपटलं की दातवाली दचकून पुढे झाली; रंग अजून कच्चा होता.

"चला," काकू म्हणाली.

भंगारवाल्याने आपला ट्रक मागे घेतला. काकाने आरसा पाहिला, हात बाहेर काढून सिग्नल दिला, रस्ता रिकामा होता तरी दोन्हीकडे पाहिलं, आणि गाडी शेडमधून बाहेर पडली, स्वतःच्या चाकांवर, शिकाऊ माणसाच्या चालीने. एक सायकलवाला तिच्या पुढे निघून गेला.

तिघं दारात उभे राहिले. गाडी जेमतेम कोपऱ्यापर्यंत पोचली असेल, तेवढ्यात इंजिनाच्या वरताण काकूचा आवाज आला, एक्स्चेंजमधला, दातवालीने घरात कधीच न ऐकलेला.

"अहो, जरा जोरात चालवा की!"

काका काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. दातवाली कान देऊन उभी राहिली. बराच वेळ दुसराच गिअर होता. मग तिसरा पडला.